जिलेटीन कशाचं, ते पाकिटावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हलाल म्हटलं की वर्तमानपत्रांतली चर्चा मटणाच्या दुकानापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मटणाचं खरं तर सोपं आहे. खाटीक ओळखीचा असतो, विचारलं की कळतं. अवघड आहे ते पोरांच्या हातातल्या दोन रुपयांच्या गोळीचं, वाढदिवसाच्या केकचं आणि आखातातून किंवा युरोपातून आलेल्या बॅगेतल्या अस्वलाच्या आकाराच्या रंगीत जेलींचं. रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, भिवंडी इथल्या शेकडो घरांत असा खाऊ येतो. तो येतो तेव्हा घरात एकच प्रश्न विचारला जातो, ‘हे चालतं का?’ उत्तर बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं असतं आणि बहुधा चुकीचं असतं. आम्ही अन्नप्रक्रिया क्षेत्रात काम करणारी मंडळी आहोत, मुफ्ती नाही. त्यामुळे फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण पाकिटात काय आहे ते कसं ओळखायचं आणि कुठे फसायला होतं, एवढं नक्की सांगू शकतो.

आपल्याकडच्या जुन्या मिठाईची काळजी आधी बाजूला काढू. पेढा, बर्फी, बासुंदी, श्रीखंड, रसमलाई, माहीम हलवा, शिरखुर्मा, गोव्याचं दोदोल हे सगळं दूध, साखर, गूळ, पीठ, नारळ आणि तूप यांवर उभं आहे. रसगुल्ल्याचा छेना लिंबाने, सायट्रिक आम्लाने किंवा आंबट निवळीने फाडतात. त्यात वासराच्या पोटातल्या दूध फाडणाऱ्या विकराचा, म्हणजे रेनेटचा, संबंध येत नाही. इथे शंका असते ती मुख्यतः तूप खरं आहे का, याची. ती हलालइतकीच भेसळीची शंका आहे. १९८३ साली आयात केलेली जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं, तेव्हा सगळ्याच धर्मांचे लोक सारखेच हादरले होते. तुपात चरबी आहे का, हे घरी वितळवून किंवा वास घेऊन कळत नाही. प्रयोगशाळेत रायशर्ट-माइसल अंक काढतात. दुधाच्या तुपात तो जास्त असतो आणि परकी चरबी मिसळली की खाली येतो. ज्या दुकानदाराचं तूप डब्यातून येतं, त्याला डबा दाखवायला सांगावं. ज्याचं तूप ‘घरचं’ आहे पण घर कुठलं ते सांगता येत नाही, त्याच्याकडची मिठाई घेऊ नये.

चांदीच्या वर्खाचाही प्रश्न हमखास येतो. पारंपरिक पद्धतीत चांदीचे तुकडे जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून हातोडीने तासन्‌तास ठोकत. आता बराच माल यंत्रावर, खास कागदाच्या पानांत होतो. दुकानदाराला ‘वर्ख यंत्राचा की हाताचा’ एवढं विचारावं. उत्तर मिळालं नाही तर बिनवर्खाची बर्फी घ्यावी, चवीत काही फरक पडत नाही.

आता पाकिटबंद मालाकडे. भारतात पहिली मदत हिरव्या ठिपक्याची होते, आणि पहिली दिशाभूलही त्याचीच. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी दोन्हीकडे ठिपकाच असे. रंगांधळ्या माणसाला फरक कळावा म्हणून त्रिकोण आला. मांसाहारी म्हणजे प्राणी, पक्षी, कीटक, मासे, अंडी यांपासूनचं काहीही. मात्र दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख यांना या व्याख्येतून वगळलं आहे.

म्हणजे हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटीन (प्राण्यांच्या हाडांतून-कातड्यातून काढलेला, पदार्थ जमवणारा घटक) नाही, डुकराची किंवा बैलाची चरबी नाही आणि कोचिनील किड्याचा लाल रंगही नाही. हलाल बघणाऱ्यासाठी हे मोठं काम झालं. पण सगळं झालं नाही. रम शाकाहारी आहे. रममध्ये भिजवलेल्या अंडेविरहित केकवर हिरवा ठिपका खुशाल येऊ शकतो. उलट मुंबईच्या मिनारा मशिदीजवळ रमजानात मिळतो तो अंड्याचा मालपुआ पाकिटात भरला तर त्यावर तपकिरी त्रिकोण लागेल आणि तो पूर्ण हलाल असेल. ठिपका शाकाहाराबद्दल बोलतो, हलालबद्दल नाही. तपकिरी त्रिकोणाची अडचण आणखी वेगळी. तो अंडं, मासा, म्हैस आणि डुक्कर या चौघांना एकाच पोत्यात घालतो. मार्शमेलोच्या पाकिटावर त्रिकोण दिसला तर तो अंड्याच्या पांढऱ्यामुळे आहे की जिलेटीनमुळे, आणि जिलेटीन असेल तर कोणाचं, हे त्रिकोणावरून कळायचा मार्ग नाही.

जिलेटीनवर थोडं थांबायला हवं, कारण शंकेच्या मिठाईतला मोठा भाग इथेच येतो. चघळण्याच्या अस्वलजेलींत वजनाच्या सहा ते नऊ टक्के जिलेटीन असतं. मार्शमेलोत दोन-तीन टक्के आणि मऊ फळचवीच्या चघळगोळ्यांत त्याहून कमी. म्हणजे शंभर ग्रॅमच्या जेलीच्या पाकिटात सहा ते नऊ ग्रॅम. हे ‘नावापुरतं’ नव्हे, जेलीचा अख्खा पोत त्यावर उभा असतो.

जिलेटीन करायच्या दोन वाटा आहेत. डुकराचं कातडं सौम्य आम्लात थोडा वेळ भिजवून गरम पाण्यात उतरवलं की जे मिळतं, त्याला व्यापारात ए प्रकार म्हणतात. हे काम झटपट आणि स्वस्तात होतं. युरोपात खाद्य जिलेटीन बहुतांश असंच तयार होतं. गाय-म्हैस वर्गातल्या जनावरांची हाडं मात्र आधी भरडतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यातले क्षार काढतात, उरलेलं लवचीक ओसीन चुन्याच्या पाण्यात काही आठवडे मुरवतात आणि मग गरम पाण्याने जिलेटीन उतरवतात. हा बी प्रकार. भारतात केरळ, गुजरात, मध्य प्रदेश इथे जिलेटीनचे कारखाने आहेत आणि ते मुख्यतः हाडांवर चालतात.

म्हणून ‘भारतीय जिलेटीन आहे, डुकराचं नाही’ हे अनुमान बऱ्याचदा बरोबर निघतं. पण ‘म्हणून हलाल’ ही पुढची उडी चुकीची. हाडं गोळा करणाऱ्याकडे कत्तलखान्यातली हाडं येतात, तशीच मेलेल्या जनावरांचीही येतात. भरडल्यावर दोन्ही एकच होतात. हलालसाठी जनावर कोणतं हा अर्धा प्रश्न, ते कसं मारलं हा दुसरा अर्धा. पाकिटावर फक्त ‘बीफ जिलेटीन’ असेल तर पहिल्याचंच उत्तर मिळालेलं असतं. माशाच्या जिलेटीनला हा दुसरा प्रश्न लागत नाही, म्हणून ते महाग असूनही हलाल बाजारात मागणी धरून आहे.

इथे एक शास्त्रार्थ आहे आणि तो लपवू नये. आम्ल, चुना आणि उष्णता यांनी मूळ पदार्थ पूर्ण बदलतो, म्हणजे ‘इस्तिहाला’ होतो, म्हणून जिलेटीन चालतं असं काही विद्वान मानतात. बरेच जण हे मानत नाहीत, विशेषतः डुकराच्या बाबतीत. इस्लामी धर्मशास्त्रात वेगवेगळी मतं आहेत. महाराष्ट्रात कोकणी मुसलमान शाफई मताचे आहेत, मालेगाव-मराठवाड्यात हनफी मताचे जास्त, मुंबईत बोहरा आणि खोजे. मतं एक होणार नाहीत आणि व्हायची गरजही नाही. ज्याने त्याने आपल्या मुफ्तीला, आलिमला विचारावं. मात्र विचारायला जाताना हातात पक्की माहिती हवी. ‘जेली चालते का’ या प्रश्नाला कोणीच धड उत्तर देऊ शकत नाही. ‘म्हशीच्या हाडाचं जिलेटीन, कत्तल माहीत नाही’ या प्रश्नाला देता येतं.

बाहेरून आलेल्या पाकिटांत सगळ्यात मोठा घोळ एकाच ब्रँडमुळे होतो. जर्मनीच्या बॉन शहरात १९२० साली सुरू झालेल्या हरिबोचं उदाहरण घ्या. त्यांची जर्मनीत केलेली नेहमीची अस्वलं डुकराच्या जिलेटीनची, आणि तुर्कस्तानच्या कारखान्यातला माल गोवंशाच्या जिलेटीनचा, हलाल प्रमाणपत्रासह. पाकीट तेच, पिवळं अस्वल तेच, रंग तेच. म्हणून ‘हरिबो हलाल आहे’ आणि ‘हरिबो हराम आहे’ ही दोन्ही वाक्यं चुकीची. बरोबर प्रश्न एवढाच की हे पाकीट कोणत्या कारखान्यातलं. दुबईच्या सुपरमार्केटमध्ये घेतलेलं असेल तर बहुधा हलाल खुणेचं मिळतं, पण फ्रँकफर्टच्या विमानतळावर उरलेले युरो संपवायला घेतलेलं वेगळं निघू शकतं. दोन्ही एकाच बॅगेतून घरी येतात आणि एकाच डब्यात ओतली जातात. पाकीट फेकण्याआधी मागची बाजू वाचा, किंवा तिचा फोटो काढून ठेवा.

बारकोडवर विसंबू नका. ८९० म्हणजे भारत, ४०० ते ४४० म्हणजे जर्मनी, ८६८ आणि ८६९ म्हणजे तुर्कस्तान, ६२९ म्हणजे अमिराती असं सांगणारे तक्ते फिरतात. आकडे बरोबर आहेत, अर्थ चुकीचा आहे. तो आकडा कंपनीने क्रमांक कोणत्या देशाच्या संस्थेकडून घेतला ते सांगतो, माल कुठे तयार झाला ते नाही. उत्पादन कुठलं ते बारीक अक्षरांतच शोधावं लागतं. जर्मन घटकयादीत जिलेटीनच्या आधी ‘श्वाइन’ असेल तर डुक्कर, ‘रिंड’ असेल तर गोवंश. फ्रेंचमध्ये ‘पोर्क’, स्पॅनिशमध्ये ‘सेर्दो’, तुर्कीत ‘डोमुझ’ म्हणजे डुक्करच. युरोपच्या पाकिटावर नुसतं ‘जिलेटीन’ असेल आणि प्राण्याचं नाव नसेल तर ते डुकराचं धरून चालणं शहाणपणाचं.

रीतसर आयात झालेल्या पाकिटावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता, १४ अंकी परवाना क्रमांक आणि हिरवी किंवा तपकिरी खूण असलेला चिकट कागद हवाच. आयात मालाच्या दुकानात तसा कागद नसलेलं चॉकलेट स्वस्तात मिळत असेल तर ते कुठून आलं हे दुकानदारालाही माहीत नसतं. ते घेऊ नये. हलालचा मुद्दा नंतरचा, आधी मुदत तरी खरी आहे का याचाच भरवसा नसतो.

जिलेटीन आहे की नाही एवढं घरी कळू शकतं. उकळतं पाणी आणि माठातलं पाणी सारख्या मापाने मिसळलं की साधारण साठ अंशांचं पाणी होतं. त्यातलं अर्धी वाटी, म्हणजे पन्नास मिलीच्या आसपास, घेऊन त्यात जेलीच्या दहा गोळ्या टाकाव्यात आणि झाकून ठेवावं. पाणी निवलं तर वाटी दुसऱ्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. अर्ध्या तासात जिलेटीनच्या गोळ्या पूर्ण विरघळून चिकट पाक होतो. पेक्टिन (फळांतून काढलेला घटक) किंवा आगार (चायना ग्रास) यांच्या गोळ्यांची वरची साखर सुटते, रंग उतरतो, कडा मऊ होतात, पण गाभा टिकतो. आगारचा घट्टपणा सुटायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. स्टार्चच्या गोळ्या फुगतात आणि पाणी गढूळ होतं. विरघळलेली वाटी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी थरथरती जेली पुन्हा जमली, तर जिलेटीन नक्की. ते कोणत्या प्राण्याचं, हे मात्र या वाटीतून कधीच कळणार नाही.

प्रयोगशाळेतही ते सोपं नाही. डुकराचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी मांसाला उत्तम चालते. जिलेटीन करताना डीएनएचे तुकडे-तुकडे होतात, म्हणून चाचणी ‘नाही’ म्हणाली तरी नाहीच असं ठरत नाही. प्रथिनांचे विशिष्ट तुकडे मोजणारी महागडी पद्धत जास्त भरवशाची. उलट बाजूनेही फसगत होते. २०१४ च्या मे महिन्यात मलेशियाच्या आरोग्य मंत्रालयाने कॅडबरीच्या दोन चॉकलेटांत डुकराचा डीएनए सापडल्याचं जाहीर केलं, माल परत मागवला गेला, मोठा गदारोळ झाला. जूनच्या सुरुवातीला जाकिम या तिथल्या सरकारी संस्थेने थेट कारखान्यातून घेतलेल्या नमुन्यांत तसं काही सापडलं नाही. नमुना दुकानातून घेतला की कारखान्यातून, वेष्टन उघडं होतं की बंद, एवढ्यावर निकाल फिरतो. चॉकलेटात असं काही शोधायला निघालेल्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावं.

आता घटकयादीतल्या रंग, स्वाद, मिश्रकांच्या क्रमांकांकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘डुकराच्या चरबीच्या ई कोड’ यादीत ई १०० असतो. ई १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. ई १४० म्हणजे पानांतला हिरवा रंग, ई २७० म्हणजे लॅक्टिक आम्ल. ही यादी पुढे पाठवणं थांबवावं, कारण ती भीती वाढवते आणि खरे संशयित त्या गर्दीत लपतात. खरे संशयित मोजके आहेत. भारतात आयएनएस आणि युरोपात ई म्हणून आकडा बहुधा तोच असतो, जिलेटीनचा अपवाद सोडून, कारण ते बहुतेक पाकिटांवर नावानेच लिहिलेलं असतं.

१२० म्हणजे कोचिनील किंवा कार्मिन, किड्यापासूनचा लाल रंग. अमेरिकी मालावर तो ‘कार्मिन’ किंवा ‘कोचिनील’ या नावाने दिसतो, काही ठिकाणी ‘नॅचरल रेड ४’ म्हणूनही. गुलाबी-लाल आयात गोळ्यांत तो बघावा. हनफी आणि शाफई दोन्हींत कीटक सहसा वर्ज्य धरले जातात. ९०४ म्हणजे लाख, गोळीची झळाळी. ती किड्याने स्रवलेली राळ आहे, मधाच्या न्यायाने बरेच आलिम ती चालवून घेतात. पण ती बहुधा मद्यार्कात विरघळवून गोळीवर फवारतात आणि मद्यार्क उडून जातो, हे माहीत असलेलं बरं. ४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड. ही चरबीच. पाम, सोयाबीन, गाय, डुक्कर, कशाचीही असू शकते. हिरव्या ठिपक्याच्या भारतीय मालात ४७१ वनस्पतीचाच असायला हवा, तिथे झोप उडवून घेण्याचं कारण नाही. युरोपी बिस्किटात किंवा केकमध्ये ४७१ दिसला आणि शाकाहारी खूण नसली तर विचारल्याशिवाय खाऊ नये. हेच ४७२ च्या कुटुंबाला, ४२२ म्हणजे ग्लिसरीनला, आणि तोंडात विरघळणाऱ्या दाबून केलेल्या पुदिन्याच्या चकत्यांमधल्या ४७० मालिकेतल्या मॅग्नेशियम स्टिअरेटला लागू. ९२० म्हणजे एल-सिस्टीन, मैदा मऊ करायला वापरतात. ते पिसांपासून, केसांपासून किंवा किण्वनाने तयार होतं. भारतीय दूधचॉकलेटवर नेहमी दिसणारे ४४२ आणि ४७६ वनस्पती तेलांपासून येतात. ४७६ तर एरंडेलापासून. त्यांना उगाच बदनाम केलं जातं.

चॉकलेटातल्या निवळीच्या भुकटीचीही (व्हे पावडर) शंका रास्त आहे. चीज करताना उरणारी निवळ वाळवून ती करतात, आणि चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने केलेलं असू शकतं. २००७ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये मार्स कंपनीने आपल्या चॉकलेटांत असं रेनेट असणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा शाकाहारी ग्राहक इतके खवळले की आठवडाभरात निर्णय मागे घ्यावा लागला. विचारलं तर उत्तर मिळतं आणि रेटलं तर बदलही होतो, हे त्यातून दिसलं.

अल्कोहोलबद्दल लोक सर्वांत कमी विचारतात. अमेरिकी नियमात ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणवून घ्यायला किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. एक चमचा, म्हणजे पाच मिली अर्कात पावणेदोन मिली अल्कोहोल आलं. ते किलोभर केकच्या मिश्रणात जाऊन भट्टीत बरंच उडतं. न भाजलेल्या क्रीममध्ये, आइस्क्रीममध्ये तसंच राहतं. आपल्याकडचं स्वस्त व्हॅनिला इसेन्स बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉलमधलं कृत्रिम व्हॅनिलिन असतं, म्हणजे १५२०, आणि त्यात अल्कोहोलचा प्रश्न येत नाही. बाटलीवर वाचावं. मोठी पंचाईत अशी की तयार मालाच्या पाकिटावर फक्त ‘नैसर्गिक’ किंवा ‘कृत्रिम’ स्वाद असं लिहावं लागतं, तो स्वाद कशात विरघळवला ते नाही. ‘रम अँड रेझिन’ चवीत रम असतेच असं नाही, अर्कही असतो. इंडोनेशियात मात्र नावात ‘रम’ असेल तर आत थेंब नसला तरी प्रमाणपत्र मिळत नाही. आम्हाला ती भूमिका पटते. हराम वस्तूचं नाव मिरवणाऱ्या गोळीची चटक पोरांना लावायची कशाला?

बेकरीत आणि हॉटेलात घटकयादी नसते, तिथे जीभ चालवावी लागते. लग्नातलं अननसाचं सूफले, चीजकेक, मूस, पन्ना कोटा हे जिलेटीनवर उभे असतात. केकवरची काचेसारखी झळाळी, म्हणजे कोल्ड ग्लेझ, पेक्टिनची असते किंवा जिलेटीनची. तिरामिसूत कॉफीची दारू किंवा मार्साला, मूळ ब्लॅक फॉरेस्टमध्ये चेरीची दारू. आपल्या गल्लीतल्या बेकरीत तिच्या जागी साखरेचा पाक असतो, पंचतारांकित हॉटेलात मात्र विचारावंच. नाताळातला प्लम केक तर बऱ्याचदा रममध्ये मुरवलेल्या बेदाण्यांचा. ‘यात काही नॉनव्हेज आहे का’ असं विचारून काही साधत नाही. बेकरीवाला अंडं समजतो. ‘जिलेटीन घालता का, पाकात दारू असते का, केक जेल कोणतं, त्याचा डबा दाखवा’ असं नाव घेऊन विचारावं. केक जेल म्हणजे केक हलका व्हायला घालतात ते तयार मिश्रण.

घरी जिलेटीनऐवजी चायना ग्रास, म्हणजेच आगार, वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार गुठळ्यांची असते. एक लिटर दुधाला दहा ग्रॅम पट्ट्या पुरतात. त्या कपभर पाण्यात वीस मिनिटं भिजवाव्यात, मंद आचेवर एकही दोरा उरणार नाही इतक्या वितळवाव्यात, गाळाव्यात आणि गरम दुधातच ओताव्यात. आगार चाळीस अंशांखाली आलं की जमायला लागतं. थंड दुधात ओतलं तर तिथल्या तिथे गोळे होतात. लिंबू किंवा आंबट रस आगारबरोबर उकळू नये, आच बंद केल्यावर घालावा, नाहीतर ते नीट जमत नाही. ताज्या अननसाने जिलेटीन जमतच नाही, त्यातला विकर ते फोडतो. आगारला त्याचं काही वाटत नाही, म्हणून अननसाच्या सूफलेला आगारच बरं. मार्शमेलोला मात्र आगार पुरत नाही, फेस धरत नाही. तिथे माशाचं किंवा हलाल गोवंशाचं जिलेटीनच बरं.

प्रमाणपत्राबद्दल दोन गोष्टी. नुसता ‘हलाल’ शब्द किंवा चंद्रकोर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव हवं, आणि ते विशिष्ट कारखान्याला, विशिष्ट उत्पादनांच्या यादीसह, ठराविक मुदतीसाठी असतं. मलेशियाची जाकिम संस्था आपल्याला मान्य असलेल्या परदेशी संस्थांची यादी प्रसिद्ध करते, ती पडताळून पाहायला चांगली. भारतात मिठाईवरचं हलाल चिन्ह खासगी संस्थांचं असतं. २०२३ च्या एप्रिलमधला सरकारी नियम हलाल मांसाच्या निर्यातीपुरता आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर प्रदेशाने निर्यात वगळून हलाल प्रमाणित मालावर बंदी घातली. त्या वादात आम्हाला पडायचं नाही. स्वित्झर्लंडच्या टॉबलरोनला २०१८ मध्ये हलाल प्रमाणपत्र मिळालं तेव्हाही युरोपात आरडाओरड झाली, आणि चॉकलेटची कृती तसूभरही बदललेली नव्हती!

दुसरी गोष्ट जास्त बोचरी. २०२५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाच्या सरकारी यंत्रणांनी मार्शमेलो आणि जेली वर्गातल्या नऊ उत्पादनांत डुकराचा अंश सापडल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या सातांकडे हलाल प्रमाणपत्र होतं. असं का होऊ शकतं, याचं एक तांत्रिक कारण आम्ही सांगू शकतो. जेलीच्या कारखान्यात वाळवलेल्या मक्याच्या स्टार्चने भरलेल्या ताटांत साचे उठवून त्यांत गरम मिश्रण ओततात. जेली जमली की स्टार्च चाळून, वाळवून पुन्हा वापरतात. सकाळी डुकराच्या जिलेटीनचा माल आणि संध्याकाळी हलाल माल त्याच स्टार्चवर निघाला, तर कागद काहीही म्हणो. शाफई मताने अशी यंत्रं सात वेळा धुवावी लागतात, त्यांत एकदा मातीमिश्रित पाण्याने. कोरड्या स्टार्चचं यंत्र धुणार कसं? म्हणून जेलीच्या बाबतीत ‘संपूर्ण कारखाना डुक्करमुक्त आहे का’ हा प्रश्न ‘घटक हलाल आहेत का’ याच्याइतकाच महत्त्वाचा.

हे सगळं विचारायचं कोणाला? प्रत्येक पाकिटावर ग्राहकसेवेचा फोन किंवा ईमेल द्यावा लागतो. ‘तुमचं उत्पादन हलाल आहे का’ असं लिहिलं तर ‘आमच्याकडे प्रमाणपत्र नाही’ एवढंच ठोकळेबाज उत्तर येतं. त्याऐवजी उत्पादनाचं नाव, बॅच क्रमांक आणि पाकिटावर छापलेला कारखाना लिहून असं विचारावं: जिलेटीन असल्यास कोणत्या प्राण्याचं, हाडाचं की कातड्याचं, आणि कत्तलीचा दाखला आहे का, ४७१, ४७२, ४७० किंवा ४२२ असल्यास स्रोत वनस्पतीचा की प्राण्याचा, स्वाद कशात विरघळवला आहे, निवळीच्या भुकटीसाठी वापरलेलं रेनेट सूक्ष्मजीवांचं की वासराचं, त्याच यंत्रावर डुकराचा घटक असलेला माल निघतो का. उत्तर लेखीच मागावं आणि तारखेसह जपून ठेवावं. कारखाना किंवा पुरवठादार बदलला की जुनं उत्तर निकालात निघतं, म्हणून वर्षाने पुन्हा विचारावं.

एवढी खटपट प्रत्येक आईने, प्रत्येक पाकिटामागे करावी ही अपेक्षाच चुकीची. २०२१ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की घटकाचा नुसता सांकेतिक क्रमांक पुरेसा नाही, तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हेही उघड करा. आमची मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तपकिरी त्रिकोणाच्या प्रत्येक पाकिटावर प्राण्याचं नाव सक्तीचं करावं: ‘जिलेटीन (म्हैस)’, ‘जिलेटीन (डुक्कर)’, ‘जिलेटीन (मासा)’. स्वादाचा द्रावक अल्कोहोल असेल तर तेही कंसात यावं. यात हलालचं प्रमाणपत्र नाही आणि कोणत्याही धर्माची सवलतही नाही. गोवंशाचं न खाणाऱ्या हिंदूला, अंडं खाणाऱ्या पण हाड नको असलेल्या माणसाला, माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला आणि मुसलमानाला, सगळ्यांना हा एकच कंस लागतो. लेबल नियमांच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा ग्राहक संघटनांनी आणि आपल्यासारख्या वर्तमानपत्रांनी हा मुद्दा लावून धरावा, ही विनंती.

आपले,
अन्नप्रक्रिया क्षेत्रातील काही वाचक, रत्नागिरी